कार्व्हर रस्त्याचं फाटक

वर्ना होर्वात हॉलिस फोर्क गावाच्या ग्रुपची ॲडमिन झाली ती काही हौसेने नव्हे. ग्रुप काढला होता तिच्या भाचीने. ती लग्न करून टेक्ससला गेली आणि जाताना "आत्या, तेवढं बघशील ना?" म्हणून सगळा पसारा वर्नाच्या गळ्यात घालून गेली. गाव साडेचार हजारांचं आणि ग्रुपवर माणसं दोन हजारांच्या घरात. तिथे चालायचं काय, तर हरवलेली कुत्री, सापडलेली कुत्री, कुणाच्या फटाक्यांनी कुणाचं कुत्रं बिथरलं, आणि त्यावरून तीन-तीन दिवस पेटलेली भांडणं. वर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सकाळी सहाला ओव्हन लावायचे, दुपारी दोनला ॲप्रन काढायचा, आणि घरी येऊन दुखरे पाय गरम पाण्यात सोडून लोकांना "शिव्या देऊ नका" म्हणून समजावत बसायचं. नवरा एमिल जाऊन चार वर्षं झाली होती. भांडणं का होईना, घरात माणसांचा वावर असल्यासारखं वाटे.

ग्रुपवर आठवड्यातून तीनदा तरी एक रडगाणं हमखास यायचं. गाडी परत उभी आहे.

गाव रुळांनी मधोमध चिरलेलं. शाळा, दवाखाना, वाणसामानाचं दुकान उत्तरेला. दक्षिणेला सहाशे घरं, दोन चर्च आणि म्हाताऱ्यांसाठीचं एक निवासगृह. मध्ये दोन फाटकं, कार्व्हर रस्त्याचं आणि पाइन रस्त्याचं. पूर्वी मालगाडी यायची आणि धडधडत निघून जायची. अलीकडे गाड्या अडीच-अडीच मैल लांब झाल्या होत्या. त्या यायच्या आणि थांबायच्या. थांबल्या की दोन्ही फाटकं एकदम बंद, आणि मोटारीने नऊ मैलांचा वळसा. ज्याच्याकडे मोटार नाही त्याने उभं राहायचं, नाहीतर डब्यांच्या मधून चढून पलीकडे उतरायचं. लोक ग्रुपवर येऊन रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. वर्ना शिव्या काढून टाकायची, आणि त्या काढल्यावर पोस्टमध्ये काहीच उरायचं नाही.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी कुणीतरी पिकअपमध्ये बसल्या-बसल्या काढलेला एक फोटो टाकला. दोन डब्यांना जोडणाऱ्या कप्लिंगवर एक म्हातारी चढलेली. अंगात चर्चला जायचा जांभळा झगा, डोक्यावर हॅट, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, आणि दोन्ही हातांत चांदीच्या कागदाने झाकलेला भलामोठा ट्रे. खाली लिहिलं होतं, "आमच्या गावाची ऑलिम्पिक टीम."

अडीचशे लोक हसून गेले. वर्नालाही आधी हसू आलं. मग तिने फोटो मोठा करून पाहिला. त्या मिस ओर्लीन पेटवे होत्या. वय वर्षं शहात्तर. निम्म्या गावाला तिसरी-चौथीत वाचायला शिकवणाऱ्या बाई, नातवंडं झाली तरी गावाच्या 'मिस'च.

वर्नाने पाय पुसले, बूट चढवले आणि ती सरळ त्यांच्या घरी गेली.

"बस की पोरी," मिस ओर्लीन म्हणाल्या. "आणि तो फोटो दाखवायला आली असशील तर राहू दे. माझ्या तीन नातवंडांनी आधीच धाडलाय. हॅट मात्र छान दिसतेय त्यात."

"मिस ओर्लीन, तुम्ही तिथे चढलात कशाला?"

"मग काय करू? पलीकडे ब्रदर हॉकिन्सचं अंत्यविधीचं जेवण होतं. माझं मॅकरोनी-चीज गेल्याशिवाय आमच्या चर्चमध्ये कुणी नीट मरत नाही. एक तास दहा मिनिटं उभी होते बाई. ट्रे गार झाला, गुडघे गार झाले. म्हटलं, देवा, तू बघ."

हे त्यांनी हसत सांगितलं. मग चहाचा कप बाजूला सारला.

"आणि मी मधोमध असताना गाडीने हिसका दिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकच. परत थांबली. ते फोटोत आलं नाही."

वर्ना घरी आली. तो फोटो काढून टाकावा म्हणून बोट बटणावर ठेवलं, आणि मग तिला वाटलं, काढून काय होणार? उद्या दुसरं कुणी चढेल. तिने फोटो राहू दिला आणि त्याखाली लिहिलं:

"या मिस ओर्लीन आहेत. त्या वर असताना गाडी हलली होती. आजपासून गाडीला शिव्या देणारी पोस्ट मी ठेवणार नाही. फक्त चार गोष्टी लिहा: कुठलं फाटक, किती वाजता बंद झालं, किती वाजता उघडलं, आणि त्या वेळात तुमचं काय राहून गेलं."

पहिले तीन दिवस थट्टाच झाली. एकाने लिहिलं, "पाइन, ४:१० ते ४:५०, राहून गेलं: सासूबाईंचं दर्शन. रेल्वेचे आभार." वर्नाने तेही ठेवलं, कारण वेळ बरोबर लिहिली होती. चौथ्या दिवशी निवासगृहातल्या एका परिचारिकेने लिहिलं, "कार्व्हर, २:४० ते ३:५५. माझी पाळी तीनची. रात्रपाळीपासून थांबलेली माझी सहकारी सोळा तास उभी होती, तिला घरी जाता आलं नाही." मग एका आईने, "पाइन, ३:०५ ते ४:१५. माझी मुलगी पहिलीत आहे. रुळांच्या पलीकडे ती उभी, अलीकडे मी. डब्यांच्या खालून तिचे बूट दिसत होते. सत्तर मिनिटं मी त्या बुटांशी मोठ्याने गप्पा मारत होते."

त्यानंतर थट्टा थांबली. लोक लिहायला लागले. ज्यांना टाइप करता येत नव्हतं ते शेजाऱ्याला सांगायचे. उत्तरेकडच्या ज्या लोकांना फाटकाशी काही घेणं-देणं नव्हतं, ते खिडकीतून गाडी दिसली की वेळ टाकू लागले. तीन आठवड्यांत एकशे बेचाळीस नोंदी जमल्या.

त्या छापून घेऊन वर्ना ऑक्टोबरात नगर परिषदेच्या बैठकीला गेली. परिषदेचे अध्यक्ष कर्टिस फाउट चष्मा कपाळावर चढवून कागद चाळत होते. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

"वर्ना, हे मी बारा वर्षं ऐकतोय," ते म्हणाले. "गाडीवर आपला हुकूम चालत नाही. दंड केला तर कोर्ट आपल्यालाच झापतं. पत्र पाठवलं तर उत्तर येतं, 'वाहतुकीच्या गरजेनुसार.' तूच सांग, त्यांच्याकडे नेमकं मागायचं काय?"

"गाड्या उभ्या करू नका म्हणायचं."

"गाडी थांबणारच. ती काय घोडा आहे, टाच मारली की निघाली? कुठे थांबवू नका, कुठली थांबवू नका, का थांबते, यातलं काही ठाऊक आहे तुला?"

वर्नाला ठाऊक नव्हतं. ती कागद घेऊन बाहेर आली. पार्किंगमध्ये मिस ओर्लीन तिची वाट बघत होत्या.

"ज्याला ठाऊक आहे त्याला तू हाकलून दिलंस," त्या म्हणाल्या.

लायल टिबेट्सचं नाव घ्यायची गरजच नव्हती.

लायलने एकतीस वर्षं मालगाडीचं इंजिन चालवलं होतं. एमिलचा तो जिवलग मित्र. एमिलच्या शवपेटीला खांदा दिला तेव्हा भर उन्हात हॅट न घालता उभा होता. पण त्याला प्रत्येकाची चूक काढायची खोड. दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर शाळेच्या कराची चर्चा पेटली असताना त्याने लिहिलं होतं, "वर्नाच्या स्वयंपाकघरात निम्मं अन्न कचऱ्यात जातं, आधी ते बघा." वर्नाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने बटण दाबलं आणि लायल ग्रुपबाहेर. तेव्हापासून दुकानात समोरासमोर आले तरी दोघंही डबाबंद टोमॅटोंकडे टक लावून बघायचे.

तीन दिवस वर्नाने स्वतःशी वाद घातला. चौथ्या दिवशी हलुश्कीचा एक डबा भरला, आपल्या सासरची कोबी-नूडल्स, आणि लायलच्या दारात उभी राहिली. तो गॅरेजमध्ये बर्फ काढायचं यंत्र उघडून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"ॲडमिनबाई," तो म्हणाला. "आज कुणाला काढायला आलात?"

"मदत मागायला आले आहे."

"डब्यात काय आहे?"

"हलुश्की."

"कचऱ्यात जाण्याआधी दे इकडे."

वर्ना परत फिरलीच होती. दारापर्यंत गेली, आणि थांबली. "लायल, तू लिहिलं होतंस ते निम्मं खरं होतं," ती पाठमोरीच म्हणाली. "निम्मं नाही, पाव. पोरं शिजवलेलं गाजर खात नाहीत. मी तरी काय करू? पण तू ते चारचौघांत, माझं नाव घेऊन लिहिलंस. एमिल असता तर मला घरी येऊन सांगितलं असतंस."

लायलने हातातला पाना खाली ठेवला.

"ते खरं आहे," लायल म्हणाला. "चारचौघांत नको होतं. बस. त्या तेलाच्या डब्यावर नको, खुर्चीवर बस."

वर्नाने कागद पुढे केले तर त्याने हात हलवला. "ते राहू दे. वाचलंय सगळं. माझ्या मुलीच्या खात्यावरून रोज वाचतो मी. त्या पाइन रस्त्याच्या डेनिसला सांग, इंजिनाचा नंबर बाजूला लिहिलेला असतो. तो डब्याचा नंबर टाकतोय गाढव."

दोन वर्षांपूर्वी हाकललेला माणूस रोज ग्रुप वाचतोय हे ऐकून वर्नाला रागही आला आणि हसूही. हसू जिंकलं.

मग लायलने बाकावर पान्यांची रांग मांडली. हे गाव, ही दोन फाटकं, हा पूर्वेचा सिग्नल. "पूर्वेला शहराच्या यार्डात जागा नसली की गाडीला बाहेर थांबवतात. कंट्रोलवाले तिला आपल्या पूर्वेच्या सिग्नलपर्यंत आणून उभी करतात. इंजिन सिग्नलशी, शेपूट आपल्या गावावर. का? तर मागून येणाऱ्या गाडीला जागा व्हावी म्हणून. पण पश्चिमेला, तीन मैल मागे, धान्याच्या कोठारांपाशी आणखी एक सिग्नल आहे. तिथे थांबवली तर मागे सगळा मका. कुणाचं काय अडणार? हरणांचं?"

"म्हणजे एवढंच?"

"एवढंच. आणि तुझ्या एकशे बेचाळीस नोंदी नीट बघ. सगळ्या गाड्या दोषी नाहीत. दुपारी दोन ते सहाच्या मधल्या, पूर्वेकडे जाणाऱ्या तीन गाड्या. नव्वद टक्के बोंब त्या तिघींची. त्यांना सगळ्या गाड्या हलवा म्हणालीस तर ते हसतील. तीन गाड्या, तीन मैल मागे. एवढंच माग."

त्या संध्याकाळी वर्नाने लायलला ग्रुपमध्ये परत घेतलं. पाच मिनिटांत त्याने सतरा लोकांच्या चुका काढल्या. पण त्यासोबत गाडीचा नंबर कुठे असतो, दिशा कशी ओळखायची, हे असं सोपं करून लिहिलं की डेनिसनेही मुकाट्याने मान्य केलं. नोंदी धारदार झाल्या. नोव्हेंबरच्या मध्याला परिषदेचं नवं पत्र गेलं, या वेळी एका पानाचं, तीन गाड्या आणि एका सिग्नलचं, मागे चारशे नोंदी जोडलेलं. उत्तरात "वाहतुकीच्या गरजेनुसार" नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी सहाला रेल्वेच्या विभागीय अधिकारी गावात येतील, असं होतं.

बैठक शाळेच्या जेवणघरात ठेवली, कारण परिषदेची खोली चाळीस माणसांचीच. वर्नाने शाळा सुटल्यापासून खुर्च्या मांडल्या, कॉफी चढवली. ग्रुपवर दोनशे लोकांनी येतो म्हणून लिहिलं होतं. पावणेसहापर्यंत साठच आले. सगळे उत्तरेकडचे. वर्ना दाराशी येरझारा घालत होती, तेवढ्यात फोन किणकिणला.

"कार्व्हर, ५:२२ पासून बंद." त्याखाली, "पाइनसुद्धा." त्याखाली लायल, "तिघींतली तिसरी. आम्ही सगळे इकडेच. मोटार नसलेल्यांना सोडून कुणी वळसा घ्यायला तयार नाही."

इतक्या महिन्यांची मेहनत, आणि ज्यांनी बोलायचं तेच रुळांच्या पलीकडे. दारातून रेल्वेच्या बाई आत येत होत्या. ग्रेटा लिंडक्विस्ट नाव, पन्नाशीच्या, हातात फाइल, बुटांवर चिखल. पश्चिमेकडच्या हमरस्त्याने आल्यामुळे त्यांना फाटक लागलंच नव्हतं. कर्टिस फाउट वर्नाच्या कानाशी आले. "पुढच्या महिन्यावर ढकलू या का?"

"नको," वर्ना म्हणाली. मुलांना पोषणाचे व्हिडिओ दाखवायला जेवणघरात एक पडदा होता. तो कसा चालू करायचा हे तिला इतर कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने ग्रुपवर लिहिलं, "घरी जाऊ नका. बैठक तिथेच घेऊ. मिस ओर्लीन, व्हिडिओ लावा."

मिनिटभराने पडद्यावर आधी एक हातमोजा आला, मग एक नाकपुडी, मग आडवं झालेलं फाटक. कुणीतरी पलीकडे ओरडलं, "उलटा धरलाय, मिस ओर्लीन!" चित्र सरळ झालं. फाटकाचे लाल दिवे लुकलुकत होते, मागे डब्यांची काळी भिंत, आणि तिच्यासमोर थंडीत वाफा सोडत उभी असलेली शंभर-सव्वाशे माणसं. मोटारींचे दिवे लावून ठेवलेले. कुणी घोंगड्या गुंडाळलेल्या. परिचारिका गणवेशात होती.

लिंडक्विस्टबाईंनी फाइल मिटली.

"नमस्कार," मिस ओर्लीन शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या. "आम्ही हजर आहोत. वर्गात येता येत नाही, म्हणून इथूनच हात वर करतोय."

एकेक जण पुढे येऊन बोलला. कुणी आरडाओरडा केला नाही, थंडीच एवढी होती की लांबण लावायची सोय नव्हती. बुटांशी गप्पा मारणारी आई आली, मुलीला कडेवर घेऊन. परिचारिका म्हणाली, "या क्षणी मी तिकडे बैठकीत असायला हवी होते आणि मैत्रीण इकडे पाळीवर. ती अलीकडे, मी... नाही, उलट. बघा, मलाही आता कळेनासं झालंय." लोक हसले, दोन्हीकडचे. शेवटी लायल आला. त्याने टोपी काढली.

"बाई, मी एकतीस वर्षं तुमच्याकडे इंजिन चालवलंय," तो म्हणाला. "गाडी चालवणाऱ्यांचा काही दोष नाही. ती पोरं पुढे सिग्नलशी बसली आहेत, त्यांना मागे काय अडलंय ते दिसतही नाही. मी स्वतः या फाटकावर शेपूट टाकून तासन्‌तास बसलोय. गावाबाहेर बसून डबा खाल्लाय. तेव्हा कधी मागे वळून विचारलं नाही. ही गाडी आज कोठारांच्या सिग्नलला थांबली असती तर आत्ता मी तिथे तुमच्यासमोर बसून वर्नाची पाणचट कॉफी पीत असतो."

वर्नाने पडद्याकडे बघून डोळे वटारले, पण ते भरून आले होते. तो हे कधी बोलला नव्हता. एमिलजवळही बोलला असेल असं तिला वाटेना.

लिंडक्विस्टबाई उठल्या आणि फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेल्या. काचेतून त्या दिसत होत्या, एक हात कमरेवर, फेऱ्या घालत, कुणाशी तरी तावातावाने बोलत. वीस मिनिटांनी आत आल्या.

"त्या गाडीला यार्डात जागा मिळायला अजून चाळीस मिनिटं आहेत. ती मला आत्ता हलवता येणार नाही," त्या म्हणाल्या. कुजबुज उठली. त्यांनी हात वर केला. "खोटं आश्वासन देऊन मी निघून जाऊ शकले असते. पुढचं ऐका. सोमवारपासून साठ दिवस, दुपारी दोन ते सहा, त्या तीन गाड्या कोठारांच्या सिग्नलला थांबवून बघू. प्रयोग म्हणून. कधीकधी जमणार नाही, हे आधीच सांगते. आणि तुमच्या नोंदी थांबवू नका. आमच्याकडे फाटकावरची नोंद नाही. तुमची आहे."

मग त्यांनी कोट चढवला आणि कर्टिसना विचारलं, "तिथे चालत जायला किती वेळ लागतो?" त्या उरलेला सगळा वेळ रुळांच्या या बाजूला उभ्या राहिल्या, गाडी हलेपर्यंत. गाडी गेली, फाटक वर झालं, आणि पलीकडची माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. मिस ओर्लीननी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात आपल्या हातमोज्यांत घेतले. "गारठलीस पोरी," एवढंच म्हणाल्या.

साठ दिवसांत दुपारच्या वेळी फाटक बंद राहिलं ते अकरा वेळा. आधीच्या साठ दिवसांत ते त्रेसष्ट वेळा राहिलं होतं. अकरापैकी एकदा तर खूप बर्फ पडलं होतं, त्याबद्दल कुणी रेल्वेला बोल लावला नाही. रात्रीच्या गाड्या अजून उभ्या राहतात. पायी जाणाऱ्यांसाठी पूल हवा म्हणून परिषदेने राज्याकडे अर्ज केला आहे आणि त्याला वर्षं लागतील असं सगळे धरून चाललेत. पण रेल्वेने तो प्रयोग मार्चमध्ये कायम केला. ते पत्र कर्टिस फाउटनी स्वतः ग्रुपवर टाकलं, तेही उलटं स्कॅन करून.

एप्रिलमध्ये वर्नाला एका अनोळखी बाईचा निरोप आला. ती याच मार्गावरच्या, सत्तर मैलांवरच्या मिल्टन ग्रोव्हची. आमच्याकडे चार फाटकं आहेत, ती म्हणाली, आणि ग्रुपवर नुसत्या शिव्या. तुम्ही काय केलंत?

वर्नाने उत्तर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं, आणि शेवटी लायलला फोन केला. शनिवारी सकाळी दोघं तिच्या मोटारीतून निघाली. मागच्या सीटवर चारशे नोंदींची फाइल आणि हलुश्कीचा डबा होता. लायल वाटेत प्रत्येक वळणाला "आता डावीकडे, डावीकडे म्हटलं ना" करत होता, आणि वर्ना त्याला म्हणत होती की मोटार रुळावर चालत नाही, तिला वळता येतं.

मिल्टन ग्रोव्हच्या वाचनालयात नऊ माणसं जमली होती. त्यांतले दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते. लायलने फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर चार खुणा केल्या, आणि खडू पुढे करून विचारलं, "पूर्वेचा सिग्नल कुठे आहे, ते कोण दाखवतंय?"

पाठ करून बसलेल्यांपैकी एक जण उठला.